रिसेप्शनला दारू किती आणायची? पाहुणे नाही, पिणारे मोजा

प्रश्न असा आहे की मे महिन्यात कुडाळजवळ भावाचं रिसेप्शन आहे, संध्याकाळी ७ ते ११, हॉलच्या बाहेरच्या मैदानात, ३५० माणसं, निम्मी गावातली आणि निम्मी मुंबईहून येणारी. घरात एक जण म्हणतोय ५० खंबे (खंबा म्हणजे ७५० मिलीची बाटली) लागतील, दुसरा म्हणतोय माणशी अर्धी बाटली धरा, आणि मामा म्हणतायत गोव्यातून गाडी भरून आणू, निम्म्यात काम होईल. तर नक्की किती आणायची?

मी गेली बावीस वर्षं सिंधुदुर्गात लग्नाचं जेवण आणि बार दोन्ही सांभाळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ५० खंबे नकोत. तुमच्या कार्यक्रमाला माझ्या हिशोबाने १५ ते १७ खंबे, बिअरचे ६ ते ७ बॉक्स आणि वाईनच्या ६ बाटल्या पुरतात. पण हा आकडा तसाच उचलू नका, तो कसा आला ते समजून घ्या, कारण तुमची माणसं मी बघितलेली नाहीत, ती तुम्हालाच माहीत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे माणशी हिशोब. जेवण माणशी लागतं, कारण प्रत्येकजण जेवतो. दारूचं तसं नाही. ३५० मधली ५० तरी पोरं असणार, म्हाताऱ्या आजी असणार, माळकरी असणार, सोमवार-गुरुवार पाळणारे असणार, डॉक्टरने बंद केलेले असणार, आणि आपल्याकडे अजून गावातल्या बऱ्याच बायका चारचौघात घेत नाहीत. म्हणून निमंत्रणाची यादी समोर घ्या आणि नाव-नाव बघून खूण करा. आणि हे काम मुलाच्या मित्रांना देऊ नका, ते प्रत्येकाच्या नावापुढे खूण करतात. घरातल्या एखाद्या काकीला किंवा आत्येला बसवा. कोण घेतो, कोण घेतो पण बायकोसमोर घेत नाही, कोण दोन पेगवर थांबतो आणि कोण थांबतच नाही, हे घरातल्या बाईला जेवढं माहीत असतं तेवढं कोणालाच नसतं. वेंगुर्ल्याला एका घरी नवऱ्याची काकी ओटीवर यादी मांडीवर घेऊन बसली होती. पिणाऱ्यापुढे टिंब, न पिणाऱ्यापुढे फुली, आणि ज्याच्यावर लक्ष ठेवायला पाहिजे त्याच्या नावाभोवती गोल. ३४० नावांत टिंबं निघाली ९६ आणि गोल सात. त्या रात्री आमच्या काउंटरवर १०१ जणांनी घेतली, म्हणजे बाईचा अंदाज पाचने चुकला. आणि ते सात गोल मी माझ्या पोरांना आधीच दाखवून ठेवले होते, त्याचा मला जो उपयोग झाला तो कुठल्याच हिशोबाने झाला नसता.

तुमच्या ३५० मधून माझ्या अंदाजाने ११० च्या आसपास टिंबं निघतील. गावातली गर्दी जास्त असती तर मी ९० म्हटलं असतं, पण मुंबईची माणसं म्हणजे भावाच्या ऑफिसातली पोरं-पोरी, चुलत-मावस भावंडं, त्यांच्यात प्रमाण जास्त असतं आणि चाकरमानी सुट्टीवर आलेला असतो, त्याला दुसऱ्या दिवशी लोकल पकडायची नसते. आता या ११० चे तीन भाग करा. मे महिना आहे, उकाडा मरणाचा, त्यामुळे बिअरवाले थंडीतल्यापेक्षा जास्त निघणार. ६० जण हार्ड म्हणजे व्हिस्की-रम-व्होडका घेणारे, ३५ बिअरवाले आणि १५ जण, त्यात बहुतेक मुली-बायका, वाईनवाले, असं धरू.

हार्डवाल्याला माणशी एक क्वार्टर धरायची, म्हणजे १८० मिली, म्हणजे ६० चे तीन पेग. कोणी दीड पेगवर उठतो कोणी चौथा मागतो, सरासरी तिथेच येते. ६० माणसं गुणिले १८० म्हणजे १०,८०० मिली, भागिले ७५० म्हणजे १४.४, म्हणून १५ खंबे. त्यातले ९ व्हिस्की, ३ रम, २ व्होडका आणि १ ब्रँडी. ब्रँडी लागते, एखादे आबा असतातच ज्यांना दुसरं काही चालत नाही आणि ते मागतात तेव्हा नाही म्हणायला बरं वाटत नाही. व्हिस्कीत पाच-पाच ब्रँड आणू नका, दोन पुरे, एक बरी आणि एक साधी. पाच ठेवलेत की पाच बाटल्या एकाच वेळी उघडल्या जातात आणि रात्री पाच अर्ध्या बाटल्या उरतात. वर २ खंबे जादा ठेवा, सीलबंद, वेगळ्या जागी.

बिअर माणशी ६५० ची दोन बाटल्या, ३५ जणांच्या ७०, बॉक्समधे १२ येतात म्हणजे ६ बॉक्स, एक जादा धरला तर ७. वाईनच्या ७५० च्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात, १५ जणांचे दोन-दोन म्हणजे ३० ग्लास, म्हणजे ६ बाटल्या. बस.

हा हिशोब अडीच तासांच्या बारचा आहे बरं का. साडेसातला सुरू, दहाला बंद. तुम्ही ७ ते ११ लिहिलंय पण बार चार तास ठेवायचा नसतो. किती लागेल हे माणसांपेक्षा वेळेवर जास्त ठरतं, हे मला पहिली चार-पाच वर्षं कळलं नव्हतं. पहिल्या तासात सगळेच घेतात, दुसऱ्या तासात निम्मे जेवायच्या लाईनीत जातात, आणि तिसऱ्या तासानंतर काउंटरपाशी जे पंधरा-वीस जण उरतात ते बाकीच्या सगळ्यांएवढी पितात. जादा माल तिथे जातो, भांडणं तिथे होतात, आणि नवरीच्या बापाला हात जोडायची वेळ तिथे येते. दहाची वेळ मी अशासाठी सांगतो की लाऊडस्पीकरही रात्री १० ला बंद करावा लागतो, तो नियमच आहे. गाणी थांबली की बार थांबला, दोन्ही एकदमच झाल्यामुळे कोणाला वाटत नाही की आपल्यालाच नाही म्हटलं. साडेनऊला माइकवर एकदा सांगायचं की काउंटर दहाला बंद होईल, जेवण चालू आहे. एवढं पुरतं.

आता ओतण्याबद्दल, कारण बाटल्या इथे संपतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे नवीन पोरगा आला की मी त्याला रात्री अंगणात बल्ब लावून बसवतो, खंब्यात पाणी भरून देतो आणि सांगतो साठ-साठ ओत. मेजर म्हणजे मापाचा पेला द्यायचा नाही, नुसत्या हाताने. ग्लासात पडलेलं पाणी मग मेजरने मोजतो, प्रत्येक वेळी ७५, ८०, ८५ भरतं. कमी कधीच नाही. खंब्यात ६० चे साडेबारा पेग असतात, हात ८० चा पडला की नऊच होतात. १५ खंब्यांवर म्हणजे १८७ पेगांचे १४० झाले, ४७ पेग कुठे गेले ते कोणालाच कळत नाही, आणि ज्याने तीन घेतले असं वाटतं त्याने खरे चार घेतलेले असतात. म्हणून ३०-६० चं स्टीलचं मेजर प्रत्येक काउंटरवर, आणि ओतणारा माणूस ठरलेला. टेबलावर बाटली ठेवून द्या, घेतील आपापलं, असं जिथे करतात तिथे माझा हिशोब लावू नका, तिथे दीडपट लागते. काउंटर दोन ठेवा, एकाला गर्दी झाली की माणूस परत यायला नको म्हणून डबल मागतो.

बिअरबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे, बिअर म्हणजे काही नाही, थंडगार पाणी. हिशोब करून बघा. आपल्याकडची व्हिस्की-रम ४२.८ टक्के असते, म्हणजे ३० मिलीच्या छोट्या पेगात अल्कोहोल जवळजवळ १३ मिली. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० च्या एका बाटलीत ५२ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बाटली म्हणजे चार छोटे पेग, आणि दोन बाटल्या म्हणजे आठ. क्वार्टरवाला सहा छोट्या पेगांवर थांबला आणि बिअरवाला आठ पिऊन म्हणतो मी तर फक्त बिअर घेतली. ५ टक्क्यांच्या माइल्ड बाटलीत अडीच छोटे पेग होतात. म्हणून रिसेप्शनला सगळी बिअर माइल्डच आणा, माझं इथे कोणी ऐकलं नाही तर मी वाद घालतो. मे महिन्यात माणूस तहानेने पितो, चवीने नाही, त्याला थंड पाहिजे असतं. थंड असेल तर माइल्डला कोणी नावं ठेवत नाही.

आणि थंड म्हटलं की बर्फ आला, कोकणातल्या मे महिन्यातल्या लग्नात दारूपेक्षा बर्फाचं टेन्शन जास्त. बर्फ दोन प्रकारचा मागवायचा आणि दोन्ही वेगळे ठेवायचे. बाटल्या गार करायला लादी चालेल, पण ग्लासात टाकायला खाण्याचाच बर्फ पाहिजे, पिशवीतले क्यूब. आपल्याकडे बंदरावर मासळीसाठीचा बर्फ सहज मिळतो, कोणीतरी ओळखीने टेम्पो भरून आणतो, आणि मग गडबडीत तीच लादी फोडून ग्लासात जाते. तो बर्फ पिण्याच्या पाण्याचा असतोच असं नाही, म्हणून तर न खाण्याच्या बर्फाला निळसर रंग टाकायचा नियम आला. एका लग्नात दुसऱ्या दिवशी पन्नासेक माणसं जुलाबाने आडवी झाली, सगळे म्हणाले मटण बाधलं, पण त्यातल्या आठ-दहा जणांनी मटणाला हातही लावला नव्हता, नुसते ग्लास घेतले होते. तेव्हापासून बर्फ मी स्वतः उतरवून घेतो. तुमच्या कार्यक्रमाला खाण्याचा बर्फ ५० किलो आणि गार करायला बिअरच्या बाटलीमागे किलोभर म्हणजे ७०-८० किलो. टबमधे नुसता बर्फ टाकून बाटली गार होत नाही, पाणी टाका म्हणजे बाटलीला सगळीकडून थंडी लागते, आणि मूठ-दोन मूठ जाडं मीठ टाका, अर्ध्या तासात हात लावता येणार नाही इतकी गार होते. टबवर ओलं गोणपाट, टब सावलीत. लाईट जाणार हे धरूनच चाला, मे महिन्यात एक वळीव आला की फ्रीज बंद, म्हणून फ्रीजच्या भरवशावर काही ठेवू नका. सोडा ७५० च्या २४ बाटल्या, पाण्याचे २० लिटरचे तीन जार फक्त बारसाठी, कोल्डड्रिंकच्या मोठ्या बाटल्या १२, लिंबं ६०. ग्लास पिणाऱ्यांच्या अडीचपट, माणूस ग्लास कुठेतरी ठेवतो आणि नवीन मागतो.

आता मामांच्या गोव्याबद्दल. मामांना माझा नमस्कार सांगा आणि हे करू नका म्हणावं. गोव्यात स्वस्त मिळते हे खरं, आपल्या बाजूला प्रत्येक घरात हा विषय निघतो, पण गोव्याचा माल परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, बाटलीवर छापलेलंच असतं की फक्त गोव्यात विक्रीसाठी. इन्सुलीला एक्साईजचा नाका आहे, बांदा, सातार्डा, दोडामार्ग सगळीकडे लक्ष असतं आणि लग्नसराईत तर जास्तच. पकडलं की माल जातो, गाडी जप्त होते आणि गाडी चालवणाऱ्यावर केस होते. रिसेप्शनच्या आदल्या दिवशी नवऱ्याचा मामा ठाण्यात बसलेला मी बघितलाय, घरात हळद चाललेली आणि अर्धं घर वकील शोधत होतं. जे पैसे वाचणार होते त्याच्या कितीतरी पट गेले, आणि लग्नाच्या फोटोत मामा नाहीत ते नाहीतच.

सरळ मार्ग असा की राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसाचं लायसन काढायचं, लायसन असलेल्या दुकानातूनच माल घ्यायचा आणि बिल जपून ठेवायचं. हॉलवाल्याला आधी विचारा, काही हॉल दारू चालूच देत नाहीत, काही ठिकाणी शेजारी देऊळ किंवा शाळा असते. अर्ज शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. तारीख ड्राय डे ला येत नाही ना, आणि तुमच्या भागात कुठली निवडणूक नाही ना तेही बघा, मतदान संपायच्या आधीचे ४८ तास बंद असतं. वयाचं पण आहे, आपल्या राज्यात हार्ड घ्यायला २५ वर्षं पूर्ण पाहिजेत, बिअरला २१. भावाच्या मित्रांची कॉलेजातली भावंडं काउंटरवर येतातच, आमची पोरं सरळ सांगतात की सरबत तिकडे आहे. तुम्ही घरच्यांनी तेव्हा "अरे दे रे, आपलोच आसा" असं मधे पडू नका.

आणि गावात कोणी हातभट्टीची किंवा घरची म्हणून कॅन आणून देतो, प्रेमाने देतो, तरी काउंटरवर ठेवायचा नाही. २०१५ च्या जूनमधे मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. मिथेनॉल वासाने, रंगाने, चवीने ओळखता येत नाही, आणि तुमच्या मांडवात काय दिलं जातं त्याची जबाबदारी तुमची.

बार कुठे लावायचा यावर घरात मोठी चर्चा होते. स्टेजसमोर नको हे बरोबरच आहे, आजी-आजोबा बसलेले असतात. पण म्हणून हॉलच्या मागे, जनरेटरच्या पलीकडे, अंधारात लावू नका. लपवून ठेवलं की माणूस लपूनच पितो, पटापट दोन डबल मारतो, तोंड पुसतो आणि परत येतो, हातात ग्लास घेऊन निवांत गप्पा मारायला त्याला जागाच नसते. मैदानाच्या एका कडेला, माडाच्या झापांचा आडोसा करून, वर चांगला उजेड देऊन, चार-सहा टेबलं-खुर्च्या टाकून लावा. उजेडात माणूस सावकाश पितो. शेजारीच खायचं गरम पाहिजे. नुसतं फरसाण आणि खारे शेंगदाणे ठेवले की तहान वाढते आणि पोट रिकामंच राहतं. सुरमई मे महिन्यात महाग पडेल, १ जूनला मासेमारी बंद होते त्याच्या आधी भाव चढलेलेच असतात, त्यापेक्षा बांगड्याचे तुकडे रव्यात तळून, सुकं चिकन, उकडलेली अंडी, काकडी-कांदा. पहिल्या पेगाच्या आधी पोटात काहीतरी गेलं पाहिजे, म्हणून स्टार्टर सातलाच फिरवायला लागा, बार अर्ध्या तासाने. आणि जेवण साडेआठला उघडा. बार बंद झाल्यावर जेवण उघडायची जी पद्धत आहे त्याने निम्मं मटण तसंच राहतं, दहा वाजता माणूस जेवायच्या अवस्थेत नसतो.

न पिणारे तुमच्याकडे २४० आहेत आणि त्यांचा हिशोब कोणी विचारत नाही, तुम्हीपण विचारला नाहीत. त्यांना माणशी दीडशे मिलीचे दोन ग्लास धरले तरी ७२ लिटर होतात. घरचं आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, असेल तर कोकम सरबतासारखं काही नाही, ते आधी करून ठेवता येतं. सोलकढीचं तसं नाही, नारळाचं दूध मे महिन्यात दोन-तीन तासांत उतरतं, म्हणून दोन वेळा काढायची, एक साडेसहाला, एक साडेआठला, आणि पातेलं बर्फात. हे काउंटर बारपेक्षा मोठं आणि जास्त सजवलेलं ठेवा. चांगल्या ग्लासात, बर्फ-पुदिना घालून दिलेलं कोकम हातात असलं की न पिणाऱ्याला कोणी "घे रे एक" म्हणत नाही, आणि पिणारे पण मधे एक ग्लास घेऊन जातात.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. आपलं शरीर साधारण तासाला एक छोटा पेग निस्तरतं, त्याहून फार लवकर नाही, ताक पिऊन नाही, लिंबू पिऊन नाही, तोंडावर पाणी मारून तर नाहीच. म्हणजे आपण जी माणशी क्वार्टर धरली, सहा छोटे पेग, त्या माणसाने साडेसातला सुरुवात केली तर रात्री दीड वाजेपर्यंत त्याच्या रक्तात दारू आहे. तो निघणार साडेदहा-अकराला. म्हणजे तुम्ही क्वार्टरचा हिशोब करता त्याच क्षणी ठरवून टाकता की हा माणूस गाडी चालवण्यासारखा नसणार. कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा, पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण दंडाचं सोडा.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका हळदीला माझाच बार होता. वेळ ठरवलेली नव्हती, घरचे म्हणत होते चालू दे, मी चालू दिला, रात्री दीड वाजला. नवऱ्याचा एक मित्र, असेल सत्तावीस-अठ्ठावीसचा, बाईकची चावी बोटात फिरवत निघाला. मी म्हटलं झोप इथेच, खळ्यात चटई टाकून देतो. म्हणाला, "माका काय्येक झाला नाय, मी जातंय बरोबर." चालत पण सरळ होता, बोलत पण नीट होता. वाटेत व्हाळावर म्हणजे ओढ्यावर छोटा साकव, त्याला कठडा नव्हता. सकाळी शेतावर जाणाऱ्या माणसाला दिसला. जिवंत राहिला, पण उजवा पाय गेला. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, अक्षता पडल्या, नवऱ्याचं लक्ष सगळं फोनकडे. मी त्या रात्री त्याच्या हातातून चावी काढून घेऊ शकलो असतो, पण तो यजमानाचा पाहुणा म्हणून मी गप्प बसलो. त्यानंतर मी एकही काम बंदची वेळ आणि परतीच्या गाड्या लिहून घेतल्याशिवाय घेतलेलं नाही, कितीही जवळचं घर असो.

म्हणून तुमच्या बजेटमधे दोन खंबे कमी करा पण दोन गाड्या वाढवा, एखादी ईको आणि एखादी ट्रॅव्हलर, चालक असे जे त्या दिवशी घेणार नाहीत. गावातल्या लोकांना वाडीवाडीने सोडायचं, रात्री दहापासून बारापर्यंत फेऱ्या मारत राहायच्या. साकव, घाटी, लाल मातीचे अरुंद रस्ते, उघड्या विहिरी, आपल्याकडे रात्री चालत जाणारा पण सुरक्षित नसतो. मुंबईहून बस घेऊन आलेल्या ड्रायव्हर लोकांना सातलाच वेगळं बसवून मानाने जेवायला घाला, त्यांना उपाशी ठेवलं की ते बारपाशी येतात. हॉलची एक खोली उघडी ठेवा, दहा-पंधरा चटया, पाण्याच्या बाटल्या, पंखा. आणि ते यादीतले गोल, त्यांच्या गाडीची चावी येतानाच घ्यायची, पार्किंगला गाडी नीट लावून देतो म्हणून, म्हणजे जाताना वाद होत नाही.

तुमचा कार्यक्रम कुडाळकडे, समुद्रापासून आत आहे म्हणून समुद्राचं थोडक्यात सांगतो, पण मुंबईची पोरं रिसेप्शननंतर तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर जाऊया म्हणतात, हे शंभर टक्के होणार. रात्री घेऊन समुद्रात उतरलेला माणूस परत येईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही, पोहणारा असला तरी. त्यांना कोणीही तिकडे नेणार नाही आणि गाड्यांच्या चाव्या कोणाकडे असणार हे भावाने स्वतः मित्रांशी आधी बोलून ठेवावं, त्याचं ऐकतील. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टला कार्यक्रम असता तर मी पाण्याच्या बाजूला एक स्थानिक माणूस टॉर्च देऊन उभा केला असता आणि वाळूत काचेचा एकही ग्लास जाऊ दिला नसता.

शेवटी मालाची राखण. सगळा माल एका खोलीत, किल्ली एकाच माणसाकडे, आणि तो माणूस न पिणारा. मामांना द्या हे काम, गोव्याला जाण्यापेक्षा मोठं आहे. व्हिस्कीच्या एका वेळी दोनच बाटल्या उघडायच्या, रिकामी परत आली की पुढची द्यायची, रिकाम्या बाटल्या मोजून ठेवायच्या, त्याने किती चाललंय हे नऊ वाजता पण कळतं. दुकानदाराशी घेतानाच बोलून घ्या की सीलबंद उरलेलं परत घेईल का, ओळखीचे बरेच जण घेतात. बिअर मात्र सगळी एकदम टबात टाकू नका, भिजून लेबल निघालं की ती बाटली कोणी परत घेत नाही. तीन बॉक्स आधी, मग बघून एक-एक.

आणि यादी करून झाली, टिंबं मोजून झाली की माझे आकडे तुमच्या आकड्याने बदला. हार्डवाले ६० ऐवजी ७५ निघाले तर १८ खंबे, ४५ निघाले तर ११, बिअरवाला एक वाढला की दोन बाटल्या वाढवा. टिंबं १५० च्या वर गेली तर आकडा वाढवायच्या आधी यादी परत काकीला दाखवा.